वेगळी खोली नसलेली जोडपी

फॉर्ममधला अकरावा प्रश्न विचारताना माझ्या विद्यार्थिनी लाजायच्या, म्हणून तो मी विचारायचे. घरात लग्न झालेली जोडपी किती, आणि त्यांतल्या किती जोडप्यांना निजायला वेगळी खोली आहे?

मी बडोद्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. शहरात घरं नेमकी किती कमी पडतात ते मोजायचं काम आमच्या विभागाकडे आलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. पंचवीस वर्षं फळ्यावर नकाशे काढल्यावर एकदाची खऱ्या कामाची संधी आली होती. मुलांना मी दोन दिवस वर्गात बसवून समजावलं. घरांची टंचाई म्हणजे नुसती फुटपाथवर झोपणारी माणसं मोजायची असं नव्हे. ज्याचं छप्पर गळतं ते घर धरायचं, ज्याची भिंत पडायला आली आहे ते धरायचं, आणि छप्पर-भिंत ठणठणीत असूनही एकाच खोलीत दोन जोडपी निजतात, तिथेसुद्धा एक घर कमी आहे असं धरायचं. मुलं हसली. एकाने विचारलं, "मॅडम, असं कोण सांगेल?" मी म्हटलं, "नीट विचारलं तर सांगतात."

पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, नाल्याच्या काठाने एक वस्ती आहे. माझ्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटं. मधे एक मोठा मोकळा प्लॉट. त्यात बाभळी वाढलेल्या असत, आणि लग्नसराईत कुणीतरी मांडव घाली. इतकी वर्षं मी त्या प्लॉटच्या अलीकडे राहत होते आणि पलीकडच्या वस्तीत एकदाही गेले नव्हते. मोजणीच्या निमित्ताने पहिल्यांदा गेले.

तिथल्या एका दारात पन्नाशीची एक बाई साडीला फॉल लावत बसली होती. लहरीपुऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानाचं काम ती घरी आणायची. मी गुजरातीत माझं नाव-गाव सांगितलं, फॉर्म काढला. तेवढ्यात तिने आत वळून नवऱ्याला हाक मारली, "अहो, शर्ट घाला, बाई आल्यात मोजणीच्या." मी चमकून मराठीत विचारलं, "तुम्ही मराठी?"

"हो तर. आणि तुम्ही पण, बेन? अगंबाई, ताई म्हणायला पाहिजे मग." तिने मांडीवरची साडी बाजूला केली आणि मला बसायला पाट दिला. तिचे आजेसासरे संस्थानच्या पागेत घोडेस्वार होते, असं तिने सांगितलं. माझे पणजोबा संस्थानच्याच महसूल खात्यात होते. ते ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आपण एकाच धन्याची माणसं की." मला ते आवडलं. घरी जाऊन मी ते कौतुकाने सांगितलंसुद्धा.

खोली छान होती. पक्क्या विटांची, वर पत्रे पण नवे, लादी स्वच्छ, कोपऱ्यात शिवणयंत्र. नवरा रंगकाम करायचा, त्यामुळे भिंतींना चार वेगवेगळ्या घरांतून उरलेले चार रंग. फॉर्ममधल्या पहिल्या दहा प्रश्नांत त्या घराला कुठेच काही कमी नव्हतं. मग मी अकरावा विचारला.

तिने पदर तोंडाला लावला आणि हसली. "जोडपी दोन. ओरडी ही एक, तुम्ही बसलाय ती." खोलीला ती गुजराती ओरडीच म्हणे. मग म्हणाली, "म्हणजे लिहायला दोन. सून आत्ता इथे नाही. पादऱ्याला माहेरी आहे, दिवाळीपासून."

"बाळंतपणाला?"

"बाळंतपण कुठून व्हायचं, ताई?"

ती हे हसतच बोलली, पण पुढे फॉलची सुई दोनदा त्याच टाक्यात घातली. मग तिने आपणहून सांगितलं. मुलाचं लग्न झाल्यावर खोलीच्या मधोमध दोरी बांधून पडदा लावला. पडद्याच्या एका बाजूला हे दोघं, दुसऱ्या बाजूला ते दोघं. नवऱ्याला रंगाच्या वासाचा खोकला; तो खोकायचा, की पलीकडे हालचाल बंद. सून कपडे बदलायला न्हाणीत जायची आणि ओले करून यायची. वर्षभर तिने काढलं. एके सकाळी शांतपणे बॅग भरली आणि म्हणाली, 'माझा कुणावर राग नाही, ओरडी झाली की बोलवा.'

"वाईट नाही हो पोरगी," बाई म्हणाली. "मी तिच्या जागी असते तर आधीच गेले असते."

मी लिहिलं: जोडपी दोन, वेगळी खोली नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: सून जागेअभावी तात्पुरती माहेरी. बाईने वाकून ते पाहिलं. फॉर्म गुजरातीत होता. तिने बोट ठेवून वाचलं आणि मान डोलावली. मग चहा झाला. निघताना मी म्हटलं, "तुमचं नाव यादीत नक्की येणार. तुमच्यासारख्यांसाठीच तर ही योजना आहे." मला असं सांगायचा अधिकार नव्हता. पण बोलून गेले, आणि वर माझा फोन नंबर दिला. तिने तो स्वतःच्या मोबाइलमध्ये माझं पूर्ण नाव घालून ठेवला.

आमचा अहवाल चांगला झाला. त्यात एक शिफारस मी स्वतः आग्रहाने घातली होती: या लोकांची कामं आसपासच्या घरांतून आणि बाजारातून आहेत, तेव्हा नवी घरं शक्य तितकी जवळ द्यावीत, नाहीतर ती रिकामी पडतील किंवा भाड्याने जातील. विभागप्रमुखांनी त्या परिच्छेदाचं खास कौतुक केलं. जवळ म्हणजे किती जवळ, हे मी तेव्हा मनात कधी मोजलं नव्हतं.

काही महिन्यांनी वर्तमानपत्रात नोटीस आली. वस्तीसाठी चार मजली इमारती बांधायला जागा ठरली होती ती म्हणजे आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून असलेला तोच मोकळा प्लॉट. महिनाभरात कुणाला हरकत असेल तर कळवावी, असं खाली छापलं होतं.

त्या रविवारी सोसायटीची मीटिंग भरली. एरवी पाण्याच्या मोटरच्या मीटिंगला दहा माणसं येतात. त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. कुणी गटाराचं बोललं, कुणी पार्किंगचं. एक बाई म्हणाल्या, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायका आता आपल्या गॅलरीसमोर कपडे वाळत घालणार. त्यावर कुणी हसलं नाही आणि कुणी काही बोललंही नाही. मीसुद्धा नाही. ती वस्ती खोलीन् खोली फिरून पाहिलेली त्या हॉलमधली एकटी मीच होते, आणि मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसले.

मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. "बेन, तमे लखी आपो. तमारा जेवुं कोईने नहीं आवडे." म्हणजे अर्ज तुम्हीच लिहून द्या, तुमच्यासारखा कुणाला जमणार नाही. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच. पंधरा वर्षांत मला नवरात्रात आरतीचं ताट धरायला दिलं होतं, याहून जास्त मान कधी मिळाला नव्हता. मी हो म्हटलं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "तुला हे करायचंय का?" मी म्हटलं, "नुसतं भाषेचं काम आहे." गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला सपाट जागी रोज चालायला सांगितलं होतं. प्लॉटवर बाग झाली तर बरंच होईल, हेही माझ्या मनात होतं. ते मी त्याला बोलले नाही.

पहिला मसुदा मी गटार, रहदारी आणि बाग या तीन मुद्द्यांवर केला. सेक्रेटरींनी वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "हे तर सगळेच लिहितात, बेन. काही नक्कर पाहिजे." नक्कर म्हणजे ठोस. माझ्यातल्या मास्तरणीला ते लागलं. मी कागद परत घेतला, जेवणाच्या टेबलाशी बसले आणि चौथा परिच्छेद लिहिला. गुजरातीत होता; मराठीत सांगायचं तर असा:

'सदर सर्वेक्षणात प्रत्यक्ष राहत नसलेल्या व्यक्तीही कुटुंबात धरल्या गेल्या असल्याने घरांची गरज आहे त्याहून अधिक दिसते. यादीची फेरतपासणी व्हावी.'

ते लिहिताना मला फॉल लावणारी बाई आठवली नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. ती आठवली म्हणूनच ते वाक्य सुचलं. माझ्या हातात दुसरं काहीच ठोस नव्हतं. तिच्या सुनेचं माहेरी असणं तेवढं होतं. सून घरात का नाही, ते मीच माझ्या हाताने शेऱ्यात लिहिलं होतं. त्यातलं 'जागेअभावी' मी गाळलं आणि 'राहत नाही' तेवढं ठेवलं.

सेक्रेटरी खूश झाले. सगळ्यांत पहिली सही त्यांनी माझी घेतली आणि सहीखाली लिहायला सांगितलं: भूगोलाच्या प्राध्यापिका, सर्वेक्षणात सहभागी. मी जरा अडखळले. ते म्हणाले, खोटं काय आहे त्यात? खोटं काहीच नव्हतं. मी लिहिलं.

अर्जाला यश आलं. प्लॉट बागेसाठी राहिला आणि वस्तीसाठीच्या इमारती शहराच्या दुसऱ्या टोकाला, छाणीच्याही पुढे, नंदेसरीच्या रस्त्याला हलल्या. यादीची फेरतपासणीही झाली. सोसायटीत पेढे वाटले. मी एक खाल्ला.

त्यानंतर दीडेक महिन्याने दुपारी वॉचमनचा फोन आला, खाली कुणी बाई आल्या आहेत, मराठी बोलतात. मी वर पाठवायला सांगितलं. ती आली ती प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. बसा म्हटलं तर आधी जमिनीवर बसायला लागली. मी हाताला धरून तिला सोफ्यावर बसवलं.

"ताई, नाव उडालं आमचं," ती म्हणाली. "आजूबाजूच्या सगळ्यांचं आहे, आमचंच नाही. हा कागद आलाय. वाचता येतं मला, पण हे सरकारी गुजराती डोक्यात शिरत नाही."

मी कागद घेतला. वर नेहमीचं छापील होतं. खाली कारण दिलं होतं: कुटुंबात धरलेली व्यक्ती प्रत्यक्ष राहत नसल्याने एकच जोडपं गणलं आहे, सध्याचं घर पक्कं व पुरेसं आहे. 'प्रत्यक्ष राहत नसल्याने' हे शब्द माझे होते. मी तिला ते वाचून दाखवलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला आजही नवल वाटतं.

"पण हे त्यांना कळलं कसं?" ती विचारत राहिली. "तपासायला पोरं आली होती, त्यांनी येऊनच विचारलं, सून माहेरी असते ना? मी काय खोटं बोलू? हो म्हटलं. पण त्यांना आधीच ठाऊक होतं, ताई. मी तर फक्त तुम्हाला सांगितलं होतं. आणि तुम्ही नीट लिहिलेलं, मी बघितलं ना."

तिच्या बोलण्यात संशयाचा लवलेश नव्हता. असता तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालं असतं. मी म्हटलं, "शेजारीपाजारी कुणी सांगितलं असेल."

तिने कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मग हळूच म्हणाली, "बाजूवाली. तिलाच ठाऊक आहे सगळं." मी तिचा तो समज तसाच राहू दिला.

मग मी तिला अर्ज लिहून दिला. इतका चांगला अर्ज मी आयुष्यात लिहिला नसेल. सून का नाही, कधीपासून नाही, खोली मिळताच येणार आहे, सगळं मुद्देसूद. तिने सही केली, आणि मी म्हटलं, साहेबाकडे मी पण येईन तुमच्याबरोबर. तिला वाटलं मी तिच्यासाठी केवढं करते आहे. मला वाटत होतं की मी तिथे असले तर साहेबाशी बाजूला बोलता येईल, आणि हे सगळं गुपचूप दुरुस्त होईल. तिचं नाव यादीत परत यावं, आणि माझं कुठेच येऊ नये, अशी माझी इच्छा होती.

साहेबाची भेट पंधरा दिवसांनी मिळाली. कचेरीतला अधिकारी माझा जुना विद्यार्थी निघाला. उठून उभा राहिला, वाकून नमस्कार केला, खुर्च्या मागवल्या. "मॅडम, तुमच्याच रिपोर्टवर आमचं काम चाललंय," असं तिच्यासमोर म्हणाला. ती माझ्याकडे अभिमानाने बघत होती. मी अर्ज पुढे केला. त्याने वाचला, कपाळाला आठी घातली आणि कपाटातून एक फाइल काढली.

"पण मॅडम, हा मुद्दा तर तुम्हीच मांडला होतात. आम्ही तोच धरून फेरतपासणी केली." त्याने पानं उलटली आणि फाइल आमच्याकडे फिरवली. "आ तो तमारी ज सही छे."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. मॅडमचा शब्द आम्ही पाळला, एवढंच त्याला सांगायचं होतं.

तिने टेबलावर वाकून पाहिलं. वस्तीत माझा फॉर्म वाचला होता तसंच बोट ठेवून तिने आधी माझं नाव वाचलं, मग खालची ओळ, आणि मग वर जाऊन चौथा परिच्छेद. सगळं वाचायला तिला बराच वेळ लागला. त्या वेळात मी काहीतरी बोलू शकले असते. अधिकारी पाणी मागवू का म्हणून विचारत होता, आणि मी त्याला नको म्हणाले, एवढंच मी बोलले.

ती उठली, पिशवी घेतली आणि बाहेर आली. मी तिच्या मागोमाग जिन्यावर गेले. खालच्या पायरीवर ती थांबली.

"पंधरा दिवस मी बाजूवालीशी बोलत नाहीये," ती म्हणाली. "तिच्या पोराला ताप होता, तर मी विचारलं पण नाही."

मी म्हटलं, "माझं चुकलं. मी सांगणार होते."

"तुम्ही जा, बेन. मला रिक्षा मिळेल."

पहिल्या दिवसापासून ती मला ताई म्हणत आली होती. कचेरीच्या पायरीवर मी परत बेन झाले, गावातल्या कुठल्याही बाईसारखी. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती रस्ता ओलांडून गेली, आणि रिक्षा न करता चालतच निघाली.

मी वर परत गेले. त्या अधिकाऱ्याला, माझ्या विद्यार्थ्याला, सगळं सांगितलं. तो मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. मी लेखी निवेदन दिलं, की अर्जातला चौथा परिच्छेद दिशाभूल करणारा आहे, व्यक्ती का राहत नव्हती हे मला माहीत होतं आणि ते मी मुद्दाम लिहिलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, एवढं कडक लिहायची गरज नाही." मी म्हटलं, राहू दे. त्याने ते फाइलला लावलं. यादी बंद झाली होती. पुढची पुरवणी यादी निघेल तेव्हा बघू, असं म्हणाला.

घरी नवरा म्हणाला, "तू लिहिलं नसतंस तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं." मला धीर द्यायला म्हणाला. पण ते वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिता आलंच नसतं. ते लिहिण्यासाठी त्या खोलीत बसून चहा पिणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीत गेले. तिच्याकडे जायचा धीर नव्हता; आधी शेजारणीच्या ओट्यावर गेले. ती भाजी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की तुम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं, मी लिहिलं होतं, आणि तुमच्यावर आळ माझ्यामुळे आला. तिने माझ्याकडे वर पाहिलं. ती गुजराती बाई. पण मला नीट कळावं म्हणून बहुधा हिंदीत बोलली. तिच्या म्हणण्याचा अर्थ असा, की तुम्ही लोक येता, लिहून नेता, आणि भांडणं आम्ही करतो. मग भाजीकडे बघून म्हणाली, बैठना है तो बैठो. मला बसवेना. शेजारचं दार लोटलेलं होतं. नवरा बाहेर आला आणि म्हणाला, ती लहरीपुऱ्याला साड्या द्यायला गेली आहे. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. मी बरं म्हटलं आणि परत आले.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी बोलायचं ठरवलं होतं. बागेच्या भूमिपूजनाला पहिलं रोप माझ्या हातून लावायचं, असा ठराव आधीच तयार होता. मी उभी राहिले आणि मला रोप लावणं जमणार नाही म्हणाले. सेक्रेटरींनी काळजीने विचारलं, "गुडघा?" मी हो म्हटलं. सगळं पाठ करून गेले होते, आणि ऐन वेळी गुडघा पुढे केला. पुढच्या महिन्यात मी त्यांना एकट्यांना गाठून खरं कारण सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, आता त्याचं काय, बेन, बाग तर झाली. बाग खरंच चांगली झाली आहे. संध्याकाळी पुष्कळ माणसं येतात. चालायला मी पार कॉलेजच्या मैदानावर जाते, आणि कुणी विचारलं तर तिथली माती गुडघ्याला मऊ आहे असं सांगते.

त्यांचं नाव पुरवणी यादीत आलं, पण त्याला दीड वर्ष लागलं. माझ्या निवेदनामुळे आलं की आपलं आपण आलं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. तेवढ्या काळात मुलाने वाट बघणं सोडलं होतं. पादऱ्याला सासुरवाडीच्या जवळ त्याने एक खोली भाड्याने घेतली आणि तिथल्या मार्केटमध्ये धान्याच्या दुकानात लागला. छाणीच्या पुढच्या घराची किल्ली मिळाली तेव्हा तिथे राहायला गेली ती दोघंच, नवरा आणि बायको. बाई दोन बस बदलून लहरीपुऱ्याला साड्या घ्यायला येते, आणि नवऱ्याला इकडची रंगाची कामं आता मिळत नाहीत, असं मला वस्तीत उरलेल्या एकांनी सांगितलं. घरं जवळ का द्यावीत ते मी अहवालात लिहिलं होतं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं निघालं, आणि ते मला त्या घराच्या निमित्ताने कळावं, याहून लाजिरवाणं काय असेल.

मी एकदा तिला फोन केला होता. तिने उचलला, माझं नाव ऐकलं, आणि म्हणाली, "बोला." मी विचारलं, घर कसं आहे? "हवेशीर आहे," ती म्हणाली. आणखी काही विचारायचं मला सुचलं नाही आणि तिने काही सांगितलं नाही. त्यानंतर मी फोन केला नाही. माफी मागायला म्हणून पुन्हा पुन्हा दार वाजवणं हेही तिच्याकडून काहीतरी मागणंच होतं.

मागच्या महिन्यात एक तरुण माझ्या दारात उभा राहिला. त्याला मी पूर्वी एकदाच, वस्तीत, पाठमोरं पाहिलं होतं. पादऱ्याहून आलो म्हणाला. त्याला मुलगी झाली आहे. जन्माच्या दाखल्यात आडनाव चुकीचं पडलं आहे, दुरुस्तीचा अर्ज द्यायचा आहे, आणि तिथले लोक दर वेळी काहीतरी खोट काढून परत पाठवतात.

"आईनेच पाठवलं," तो म्हणाला.

मी त्याला बसवलं. चहा विचारला, बस गाठायची आहे म्हणाला. कागद घेऊन मी लिहायला बसले. पहिल्या कागदावर खाडाखोड झाली, म्हणून तो फाडला आणि दुसरा घेतला. मुलीचं नाव, आईचं नाव, गाव, काय चुकलंय, काय पाहिजे. अर्ध्या पानाचा अर्ज. लिहून झाल्यावर सही कुठे करायची ते दाखवलं आणि पेन पुढे केलं.

त्याने पेन घेतलं नाही. थोडा ओशाळून म्हणाला, "रागावू नका हं. आईने सांगितलंय, बाईंचं लिहिणं चांगलं आहे, त्यांच्याकडूनच लिहून घे. पण सही करायच्या आधी सगळं स्वतः वाच."

"वाच ना," मी म्हटलं. "सावकाश वाच."

तो वाचू लागला. दोन शब्द अडले, ते त्याने विचारले, मी सांगितले. पान संपल्यावर त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी समोर बसून होते. मग त्याने सही केली, कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली, आणि पादऱ्याची बस पकडायला तो गेला.